बीएएमएस झालं, आता वैद्यकी शिकायची कशी? जुन्या वैद्यांकडे बसू पाहणाऱ्यांसाठी

बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या डिग्रीची, इंटर्नशिप संपत आली की पोरापोरींचे फोन सुरू होतात, मॅडम एमडीला नंबर नाही लागला, आता क्लिनिक टाकू की कुठे आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातला ड्युटी डॉक्टर, म्हणून लागू. माझं उत्तर ठरलेलं असतं. वर्षभर, जमलं तर दोन वर्षं, एखाद्या जुन्या वैद्यांच्या दवाखान्यात जाऊन बस. साडेचार वर्षं कॉलेज आणि वर एक वर्ष इंटर्नशिप यात ग्रंथ येतो, परीक्षा पास होता येतं, पण समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं, कुठलं औषध किती द्यायचं आणि पंधरा दिवसांनी तो परत आला की त्यात काय बदलायचं हे कुणाच्या तरी शेजारी बसूनच कळतं. मी स्वतः खेड तालुक्यातल्या एका वैद्यांकडे अशी बसले, त्यांना सगळा गाव नाना म्हणायचा म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. आज माझ्या दवाखान्यात जे चालतं त्यातलं बरंचसं तिथलंच आहे, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक काम उरकून घ्या. इंटर्नशिपचं कम्प्लिशन सर्टिफिकेट हातात आलं की महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं रजिस्ट्रेशन लगेच करा, कुणाकडे बसायचं ते नंतर ठरवा. रजिस्ट्रेशन नसताना तुम्ही नुसतं बघू शकता, स्वतः पेशंटला औषध लिहून देऊ शकत नाही, आणि बसायला लागल्यावर हे काम मागे पडतं ते पडतंच.

कुणाकडे बसायचं

नाव मोठं आहे, टीव्हीवर येतात, म्हणून जाऊ नका. ज्यांच्याकडे जायचं मनात आहे त्यांच्या दवाखान्यात एक अख्खी सकाळ बाहेरच्या बाकावर बसून काढा. पेशंट आपसात काय बोलतात ते ऐका. एकाच घरातली तीन माणसं येतायत का, बाळंतपणापासून येणारी बाई आता सुनेला घेऊन आलीय का, हे बघा. मग आत काय चालतं ते बघायला मिळालं तर बघा की वैद्य प्रश्न किती विचारतात. दोन मिनिटांत हात धरून सगळं सांगून टाकणारे आणि बिननावाच्या डब्यातून काळी पूड बांधून देणारे असतील तर तिथून उठा. दोन दिवसांत गुडघेदुखी गायब होणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड निघाल्याचे प्रकार आपल्या धंद्यात झालेले आहेत आणि त्याची किंमत पेशंटच्या हाडांना मोजावी लागते. औषधाचं नाव पेशंटला सांगणारा, पेपरवर लिहून देणारा वैद्य शोधा. तसंच कॅन्सर हमखास बरा, शुगरची गोळी कायमची बंद असल्या पाट्या लावणाऱ्यांकडेही नको, असल्या जाहिरातींना 1954 पासून कायद्याने बंदी आहे आणि कायदा बाजूला ठेवला तरी असा माणूस तुम्हाला काय शिकवणार.

ओळखीतलं कुणी नसेल तर दिल्लीचं राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ आहे. 1988 साली ते गुरुशिष्य पद्धतीने शिकवण्यासाठीच काढलं, त्यांचा एक वर्षाचा कोर्स असतो, देशभरातले प्रॅक्टिस करणारे वैद्य त्यात गुरू म्हणून असतात आणि शिष्याला स्टायपेंड मिळतो. निवड होऊन जायचं असतं, जागा मोजक्या असतात, पण अर्ज जरूर करा.

तेही जमलं नाही तर सरळ जाऊन विचारा. सर, मला तुमच्याकडे बसायचंय, कुठलंही काम सांगा, एवढंच बोला. डिग्रीची फाईल पुढे करू नका. बहुतेक जुनी माणसं आधी नको म्हणतात, महिन्याभराने परत जा.

पहिले दोन-तीन महिने पुड्या

आत जाऊन बसल्याबरोबर कुणी तुमच्या हातात पेशंटचा हात देत नाही. आधी पुड्या बांधायला बसवतात आणि इथेच बऱ्याच जणांना राग येतो, की मी डॉक्टर झालोय आणि कंपाउंडरचं काम करतोय. राग बाजूला ठेवा. मात्रा, मिश्रण आणि कुठल्या वैद्याच्या डोक्यात काय चाललंय हे सगळं त्या पुडीत असतं. केस पेपर वाचायचा, काय लिहिलंय ते बघायचं, बांधताना मनात विचार करायचा की हे का दिलं असेल, आणि दुपारी गर्दी ओसरली की विचारायचं.

आता हिशोब कसा करायचा ते बघा. समजा आम्लपित्ताच्या पेशंटला शतावरी 500 मिलिग्रॅम, ज्येष्ठमध 250 आणि कामदुधा हे तयार औषध 125, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस असं लिहिलंय. म्हणजे 30 पुड्या. शतावरी 15 ग्रॅम, ज्येष्ठमध साडेसात, कामदुधा पावणेचार ग्रॅम, एकूण सव्वासव्वीस ग्रॅम. हे तिन्ही एकदम डब्यात टाकून चमच्याने हलवलं तर कामदुधा एका कोपऱ्यात बसते, मग एका पुडीत दुप्पट जाते आणि दुसरीत नावालाच. नाना काय करायला लावायचे, जे सगळ्यात कमी आहे ते आधी खलात घ्यायचं, त्यात साधारण तेवढंच ज्येष्ठमध टाकून घोटायचं, मग उरलेलं ज्येष्ठमध, मग थोडी थोडी करून शतावरी, प्रत्येक वेळी घोटायचं, रंग सगळीकडे एकसारखा दिसला की झालं. मग टेबलावर कागदांच्या ओळी मांडायच्या, पाच-पाचच्या सहा, आणि ढीग करत जायचं. पहिली पुडी काट्यावर तोलून घ्यायची, पाऊण ग्रॅमच्या थोडी वर, 875 मिलिग्रॅम भरली पाहिजे, मधली एखादी आणि शेवटची परत तोलायची. कागद पांढरा कोरा, वर्तमानपत्राचा अजिबात नाही, शाई औषधात उतरते. घडी अशी घालायची की पेशंटने एका हाताने उघडली तरी सांडणार नाही, हे मात्र बघूनच शिकायला लागतं.

आणि याच पुडीवरून एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा, ज्येष्ठमध जास्त दिवस दिलं तर काही जणांचं बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. म्हणून बीपी मोजल्याशिवाय आणि चालू गोळ्या विचारल्याशिवाय ते महिनोन् महिने लिहायचं नाही. आपली औषधं साधी वाटतात म्हणून हिशोब सैल ठेवून चालत नाही.

जुने लोक अजून गुंज, मासा, तोळा या मापात बोलतात. एक गुंज म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, पाठच करून टाका, नाहीतर सर दोन गुंजा म्हणतील आणि तुम्ही मोबाईल काढून बसाल.

विचारायचं कसं

वैद्यकीचा खरा भाग हा आहे असं माझं पक्कं मत आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न, म्हणजे बघणं, हात लावून बघणं आणि विचारणं, या तीन परीक्षा सांगितल्या, आपण पहिल्या दोन्हीवर फार जीव टाकतो आणि प्रश्न मात्र छापील फॉर्मसारखे उरकतो, भूक कशी, झोप कशी, पोट साफ होतं का. पेशंट सगळ्याला बरंय म्हणतो आणि विषय संपतो.

नानांकडे एक एसटीचे ड्रायव्हर आले होते, जळजळ, आंबट पाणी, गोळ्या बंद केल्या की चार दिवसांत परत. मी केस पेपरवर लिहिलं होतं, आहार मिश्र, वेळा अनियमित. नानांनी तो कागद बाजूला ठेवला आणि त्यांनाच विचारायला घेतलं.

"पहिला चहा किती वाजता?"

"साडेचारला, डेपोत."

"त्याच्याबरोबर काय खाता?"

"काय नाय. तंबाखू."

"पहिला घास कधी जातो पोटात?"

"फेरी संपली की, अकरा-साडेअकराला."

"रात्री?"

"मुक्कामी गाडी असली तर धाब्यावर. घरी असलो की आठला, ज्वारीची भाकरी."

"घरी असता तेव्हा त्रास होतो का?"

यावर ते गृहस्थ थांबले, विचार केला आणि म्हणाले, नाय होत तसा.

साडेचार ते अकरा, साडेसहा तास रिकामं पोट, त्यात चहा आणि तंबाखू, हे अनियमित या एका शब्दात कुठे येतं. नानांनी त्यांना नोकरी बदला, चहा सोडा असलं काही सांगितलं नाही. साळीच्या लाह्या पिशवीत ठेवा, चहाच्या आधी दोन मुठी खा, पहिल्या मोठ्या स्टॉपला परत दोन मुठी, रात्री भिजत घातलेल्या मनुका डब्यातून न्या, तंबाखूचं आपण पुढच्या वेळी बोलू. औषध त्याच्यावर दिलं. पथ्य माणसाला जमेल असं द्यायचं, हे मी त्या दिवशी बघितलं.

तुम्हीही विचारताना घड्याळ धरून विचारा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत अख्खा दिवस त्याच्याकडून वदवून घ्या, कालचाच दिवस विचारा, रोजचं विचारलं की माणसं आदर्श दिवस सांगतात. भाकरी कशाची, तेल कुठलं, दही रात्री खाता का, शिळं किती वेळा, पाणी जेवणाआधी की नंतर, दुपारी झोपता का, शेतावर उन्हात किती वेळ. शौचाचं विचारताना लाजू नका आणि पेशंटलाही लाजू देऊ नका, किती वेळा जाता याच्यापुढे जाऊन चिकट आहे का, पाण्यात तरंगतं की बुडतं, वास कसा, गेल्यावर हलकं वाटतं का, एवढं विचारलं की आम, म्हणजे नीट न पचलेला अंश, आहे की नाही याचा अंदाज येतो. बायकांना पाळीचं सासूसमोर विचारू नका, सासूबाईंना जरा बाहेर पाणी प्यायला पाठवा आणि मग विचारा. आणि शेवटी एक प्रश्न हमखास, आत्ता कुठली कुठली औषधं चालू आहेत, सगळी पाकिटं दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असते आणि पेशंट ती औषधात धरतच नाही.

हे सगळं लिहून ठेवा, पेशंटच्याच शब्दांत. छातीत जाळ उठतो म्हणाला तर तसंच लिहा, दाह म्हणून भाषांतर करू नका, पुढच्या वेळी त्याच शब्दाने विचारता येतं, जाळ कमी झाला का.

नाडीचं काय? मला विचाराल तर नाडी सगळ्यात शेवटी शिका. चरकसंहिता या जुन्या ग्रंथात नाडीपरीक्षा नाहीच, ती आधी भेटते नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत आणि पुढे योगरत्नाकर या ग्रंथात अष्टविध परीक्षेत, नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती अशी आठातली एक म्हणून. अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटं, तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ, हे सगळ्यांना माहिती असतं, पण बोटाला कळायला शेकडो हात धरावे लागतात. तोवर एक सवय लावून घ्या, आधी नाडी बघून स्वतःच्या वहीत लिहायचं, मग प्रश्न विचारायचे, मग दोन्ही जुळतंय का ते बघायचं. जीभ मात्र पहिल्या दिवसापासून रोज बघा, ती लवकर शिकवते.

कपाट आणि जंगल

वैद्यांचं कपाट झाडायचं काम मिळालं तर आनंदाने घ्या. प्रत्येक बरणी उघडा, वास घ्या, चिमूटभर जिभेवर ठेवा, अर्थात सरांना विचारून. बचनाग, कुचला, भिलावा असली द्रव्यं चाखायची नसतात, ती वेगळ्या कप्प्यात कुलपात असतात. विषारी द्रव्यांची कायद्यात शेड्यूल ई-वन नावाची यादीच आहे, ती छापून कपाटाला आतून चिकटवा.

चूर्णं फार दिवस ठेवू नका. शार्ङ्गधर म्हणतो दोन महिन्यांत चूर्णाचं वीर्य, म्हणजे त्याची ताकद, कमी व्हायला लागते, कंपनीच्या डब्यावर त्याहून बरीच लांबची तारीख असते ते वेगळं, पण स्वतः कुटलेलं असेल तर थोडं थोडं करा आणि बरणीवर तारीख टाका. पावसाळ्यात तर नक्कीच.

खरेदीला सरांबरोबर काष्ठौषधीच्या, म्हणजे वाळलेल्या झाडपाल्याच्या, दुकानात जा. सुंठ फार पांढरी दिसली की नखाने खरवडून बघायची, चुना लावलेला असतो. अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेला लावतात त्या उंच आसुपालवाची साल सर्रास खपवतात, त्याला लोक अशोकच म्हणतात त्यामुळे दुकानदारालाही वाटतं आपण खरंच देतोय. हिरडा पाण्यात टाकून बघायचा, जड आणि तळाला जाणारा चांगला असं भावप्रकाश या ग्रंथात आहे आणि ते सहज करून बघता येतं. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरड्याची झाडं भरपूर आहेत, महादेव कोळी घरांना त्याचा पैसा मिळतो, कोवळी फळं वाळवली की बाळहिरडा, आणि पूर्ण भरलेला मोठा तो सुरवारी हिरडा. दुकानात नुसतं हिरडा द्या म्हटलं तर काय मिळेल सांगता येत नाही, कुठला पाहिजे ते नावानिशी मागा.

गुळवेलीचा तर वेगळा धडाच आहे. कोरोनात लोकांनी कुंपणावरची दिसेल ती वेल गुळवेल म्हणून उकळून प्यायली. यकृताला सूज आलेल्या पेशंटचा एक अहवाल 2021 मध्ये मुंबईतून आला, त्यावर बराच वाद झाला, आणि 2022 मध्ये आयुष मंत्रालयाने लोकांना सांगितलं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या दोन वेलींत गल्लत करू नका. क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठी उठलेल्या असतात, दाट. म्हणून नुसतं पान हृदयासारखं दिसतंय यावर समाधान मानू नका, खोड हातात घ्या, आडवं कापा, चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते ती बघा, आणि शंका असेल तर वापरू नका. ज्यांना लिव्हरचा जुना त्रास आहे किंवा ऑटोइम्यून काही चालू आहे त्यांना गुळवेल महिनोन् महिने चालू ठेवायची असेल तर लिव्हरच्या तपासण्या करून घ्या, लाजायचं कारण नाही.

डोंगरात फिरायला जाल तेव्हा वहीत एकेका झाडाची सगळी नावं लिहा, शास्त्रीय, संस्कृत, पुस्तकातलं मराठी आणि त्या वाडीतल्या म्हाताऱ्याने सांगितलेलं. ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कोचीनचा डच गव्हर्नर वान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा ग्रंथ करवून घेतला, अॅमस्टरडॅमला 1678 ते 1693 मध्ये त्याचे बारा खंड छापले गेले, आणि त्या कामात केरळच्या इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अपुभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांनी 1675 मध्ये कोंकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला त्या ग्रंथात छापलाय. झाडांची नावंही त्यात वेगवेगळ्या लिपींत दिलीत. साडेतीनशे वर्षांनी आज कुणी ते झाड शोधायला निघालं तर ती नावंच हाताशी येतात, तुमच्या वहीचंही तसंच होईल.

औषध कधी आणि कशाबरोबर

नवीन पोरं इथे घाई करतात, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर लिहून मोकळी होतात. औषधाचा काळ हा निम्मा उपचार आहे. अपानाची तक्रार, म्हणजे मलावरोध, पाळीचा त्रास, कंबर, तर जेवणाच्या आधी. समान वायूचं काम असेल, भूक-पचनाचं, तर जेवणाच्या मध्ये. खोकला, दमा याला थोडं थोडं करून वारंवार चाटवायचं. रसायन, म्हणजे ताकद भरून काढणारं औषध, सकाळी रिकाम्या पोटी. खांद्याच्या वरचे आजार, त्याला झोपताना. एकाच औषधाचा काळ बदलून फरक पडलेला तुम्हाला वर्षभरात अनेकदा बघायला मिळेल, पेपरवर तेवढ्याला गोल करून ठेवा.

अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते, सांगताना पेशंटच्या घरात काय आहे ते विचारा. मध सांगितला तर गरम पाण्यात टाकू नका हे सांगायचं, मध आणि तूप दोन्ही असेल तर समप्रमाणात नको हेही सांगायचं, आणि शुगरचा पेशंट असेल तर मधाचा विचार आधीच करायचा. काढ्याला भरड 10 ग्रॅम, पाणी सोळा पट म्हणजे 160 मिली, आटवून चौथा हिस्सा, साधारण 40 मिली उरवायचं. घरी मेजरिंग कप नसतो, म्हणून एक मोठा चमचा भरड, दोन छोटे कप पाणी, अर्धा कप उरवा असं सांगा, झाकण न ठेवता, मंद आचेवर. सांगून झाल्यावर त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. दहातली पाच माणसं तिथेच चुकलेली सापडतात आणि मग कळतं की मागच्या वेळी गुण का आला नव्हता.

पंचकर्म उभं राहून बघा

एका दिवसाच्या वमन शिबिराचे फोटो टाकून पंचकर्म येत नाही. वसंतात वमन म्हणजे उलटी करवणं, शरदात विरेचन म्हणजे जुलाब देणं, पावसाळ्यात बस्ती म्हणजे औषधी एनिमा, या तिन्ही ऋतूंत दवाखान्यात हजर राहा आणि एकाच पेशंटला पहिल्या दिवसापासून शेवटच्या पेजेपर्यंत धरून राहा. विरेचनाचंच घ्या. आधी दीपन-पाचन, म्हणजे भूक आणि पचन सुधारणारं औषध, मग वाढत्या मात्रेने तूप, तीन ते सात दिवस. किती दिवस हे कॅलेंडर ठरवत नाही, शौचाला ओशटपणा आला का, त्वचा मऊ झाली का, तुपाची शिसारी बसली का, हे रोज विचारून ठरतं. भूक लागल्याशिवाय जेवायचं नाही, कोमट पाणी प्यायचं. मग तीन दिवस तेल आणि शेक, मग विरेचनाचं औषध, आणि मग दिवसभर वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते, मोजायचे. दहा म्हणजे हीन शुद्धी, वीस मध्यम, तीस उत्तम असं ग्रंथात आहे, पण आकड्यासाठी माणूस पिळून काढायचा नाही, शेवटी कफ आला, अंग हलकं वाटतंय, तिथे थांबायचं.

त्या दिवशी तुमची ड्युटी म्हणजे बीपी आणि पल्स तासातासाला, लघवी झाली का, पायात गोळे येतायत का, चक्कर येतेय का. सलाईनची सोय आणि जवळचं हॉस्पिटल ठरलेलं असल्याशिवाय सुरुवातच करू नका. हार्टचा पेशंट, किडनीचा पेशंट, गरोदर बाई, फार म्हातारं किंवा हाडकुळं माणूस, यांना असलं शोधन उत्साहाच्या भरात द्यायचं नसतं. आणि संसर्जन, म्हणजे पेया ही पातळ पेज, मग विलेपी ही दाट पेज, मग मुगाचं कढण असं चढत चढत जेवणावर आणणं, हे पेशंटच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवून समजवा, पेशंटला सांगून उपयोग नसतो. तिसऱ्या दिवशी पाव्हणे येतात आणि पुरणपोळी होते.

पुढे पाठवायचं कधी

चरकाने आजारांचे साध्य-असाध्य असे भाग पाडले ते वैद्याने आपली मर्यादा ओळखावी म्हणूनच, असं मी मानते. छातीत दाबल्यासारखं दुखतंय आणि घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, काळी शौच होतेय, तर केस पेपर काढत बसू नका, 108 ला फोन करा. आपलेच कितीतरी बीएएमएस त्या अॅम्ब्युलन्सवर ड्युटी करतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवा, अडुळसा त्यानंतर. साप चावला की प्राथमिक आरोग्य केंद्र, मधे कुठलीही मुळी नाही. लहान मूल जुलाबाने मलूल पडलंय, डोळे खोल गेलेत, तर ताबडतोब बालरोगतज्ञाकडे. इन्शुलिन, फिटची गोळी, थायरॉइडची गोळी तुमच्या शब्दावर कुणी बंद करता कामा नये, कमी करायची वेळ आली तर त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा, व्यवस्थित, काय देताय ते नावानिशी. एमडी मेडिसिनवाल्यांशी अशी चिठ्ठ्यांची देवाणघेवाण सुरू झाली की तेही तुमच्याकडे पेशंट पाठवतात, हे माझ्या तालुक्यात झालेलं आहे.

पैसा, कागद आणि फोन

शिकायच्या काळात पैसे जवळपास नसतात, म्हणून पोरं रात्रीची आरएमओशिप करतात आणि दिवसा येऊन बसतात. करा, पण आठवड्यातून तीनच रात्री घ्या, झोपेने पेंगणारा माणूस पेशंटचं बोलणं ऐकू शकत नाही. रात्रीच्या ड्युटीचाही उपयोग आहे, सिरियस पेशंट कसा दिसतो ते तिथे कळतं.

स्वतःचा दवाखाना टाकाल तेव्हा तपासणी फी आणि औषधाचे पैसे वेगळे ठेवा. जुने वैद्य सगळं पुडीतच धरायचे, त्यामुळे औषध कमी लिहिलं की वैद्याचंच नुकसान, हे बरोबर नाही. एखाद्या पेशंटला नुसतं जेवणाची वेळ बदलून पाठवायचं असेल तर तेवढ्याचीही फी घेता आली पाहिजे. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्यात वैद्याला स्वतःच्या पेशंटसाठी औषध तयार करायची मोकळीक आहे, पण तेच तेल बाटल्यांत भरून दुकानात किंवा इन्स्टाग्रामवर विकायचं म्हटलं की मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स लागतं, इथे नवीन लोक नकळत अडकतात. रक्तमोक्षण म्हणजे रक्त काढणं, विद्धकर्म म्हणजे सुईने टोचून करायचा उपचार, हे करणार असाल तर सुया आणि कापसासाठी बायोमेडिकल वेस्टची नोंदणी आधी करा. प्रिस्क्रिप्शनवर रजिस्ट्रेशन नंबर छापलेला पाहिजे, औषधाचं नाव पूर्ण, मात्रा, काळ, अनुपान, सगळं वाचता येईल अशा अक्षरात.

फोनची एक वेळ ठरवा, मी दुपारी दोन ते तीन ठेवलीय आणि ती दारावर लिहिलीय. जिभेचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात, ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सगळ्यांचीच जीभ पांढरी दिसते, त्यावर औषध बदलू नका. खिडकीत उभं राहून, सकाळी काही खायच्या आत परत काढायला सांगा, आणि नवीन तक्रार असेल तर फोटो न बघता सरळ दवाखान्यात बोलवा.